वाळूजच्या डिस्पॅच टेबलापासून थिसिसपर्यंत: बिझनेस सॉफ्टवेअरवर रिसर्चचा विषय कसा काढायचा

पेटचा, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला किंवा एमबीए-एमसीएचं शेवटचं सेमिस्टर जवळ आलं की आपल्याकडं एकच प्रश्न फिरायला लागतो, "एन्टरप्राइझ सॉफ्टवेअरमध्ये एखादा विषय सुचवा ना." मग कुठून तरी एक लांबलचक यादी येते, क्लाउड ईआरपी, सीआरएम, बिझनेस इंटेलिजन्स, ब्लॉकचेन, एआय, त्यातला एक शब्द उचलायचा, त्याला जिल्ह्याचं नाव जोडायचं, शेवटी "एक अभ्यास" लावायचं, झाला विषय तयार. गाइड पास करतात, कमिटीपण करते, आणि पुढं वर्ष-दीड वर्षानी पोरगं अडकतं कारण नेमकं शोधायचंय काय हे कधी ठरलेलंच नसतं.

माझं म्हणणं असं आहे की या क्षेत्रातला चांगला विषय शोधायची एक पक्की खूण आहे: जिथं एखादा माणूस एकदा लिहिलेला आकडा परत दुसरीकडं टाइप करत बसलाय तिथं थांबा. तिथं दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नाहीत, तिथं चुका होतात, पैसा अडकतो, आणि तिथं संशोधनाला खरंच काहीतरी सापडतं. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत अशा जागा लई आहेत, संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये, जालन्याच्या स्टील मिलमध्ये, लातूरच्या आडतीवर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. त्या जागेपासून सिनॉप्सिसपर्यंत कसं जायचं ते पायरीपायरीनं सांगतो. काही पायऱ्या लांब आहेत, काही दोन ओळीत संपतात, कारण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

पायरी १: आधी नकाशा डोक्यात बसवा

हे एका संध्याकाळचं काम आहे, यात महिना घालवू नका. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांनी कच्चा माल किती आणि कधी मागवायचा याचं गणित कॉम्प्युटरवर करायला सुरुवात केली, त्याला एमआरपी म्हणायचे. १९७२ ला जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरनी सॅप ही बिझनेस सॉफ्टवेअरची कंपनी काढली. १९९० ला गार्टनर या संशोधन-सल्ला कंपनीनं या सगळ्या पसाऱ्याला ईआरपी हे नाव दिलं, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशोब, पगार सगळं एकाच डेटाबेसवर. आपल्या देशात टॅली १९८६ ला सुरू झाली आणि छोट्या धंद्याचा हिशोब म्हणजे टॅली हे समीकरण आजपण बऱ्यापैकी टिकून आहे.

आपल्या भागात हे तीन थरांत दिसतं. वर मोठी कंपनी, तिच्याकडं मोठा ईआरपी. तिच्या खाली पार्ट पुरवणारा व्हेंडर, त्याच्याकडं टॅली आणि एक्सेल. त्याच्या खाली जॉबवर्क करणारा, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम करून देणारा, त्याच्याकडं चलान बुक आणि व्हॉट्सॲप. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा प्लांट आला आणि त्याच्या मागं व्हेंडरची साखळी उभी राहिली, तिथं हे तिन्ही थर तुम्हाला एका रस्त्यावर बघायला मिळतात. जगातलं बहुतेक संशोधन वरच्या थरावर झालंय. थरांच्या मधल्या सांध्यावर कमी झालंय, आणि तुमच्या घरापासून तो सांधा स्कूटरनं अर्ध्या तासावर आहे, हा फायदा पुण्या-मुंबईच्या पोरांनापण इतका सहज मिळत नाही.

पायरी २: जाऊन उभं राहा आणि बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात.

एक उदाहरण घेऊ, ऑटो पार्ट बनवणारा मध्यम व्हेंडर, संध्याकाळचा डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायची वेळ. काय होतं ते क्रमानं बघा. कस्टमर कंपनीच्या पोर्टलवरून शेड्यूल डाउनलोड होतं, ते एक्सेलमध्ये येतं. त्यातला कस्टमरचा पार्ट नंबर वेगळा आणि आपल्या टॅलीत त्याच पार्टचं नाव वेगळं, "मोठा ब्रॅकेट काळा" असलं काहीतरी, ते जुळवायचं काम डिस्पॅचवाल्या दादाच्या डोक्यात असतं, कुठं लिहिलेलं नसतं. मग टॅलीत इनव्हॉइस बनतं. उलाढाल ५ कोटीच्या वर गेलेली असेल तर ई-इनव्हॉइसचा ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा क्रमांक, आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो, तो आता टॅलीतूनच निघतो म्हणून तिथं त्रास कमी झालाय. ई-वे बिलाचंपण तसंच. पण त्यानंतर कस्टमरच्या पोर्टलवर एएसएन टाकायचा असतो, म्हणजे गाडी निघायच्या आधी "हा माल येतोय" अशी सूचना, त्यात पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, पार्ट नंबर, नग, इनव्हॉइस नंबर, तारीख, गाडी नंबर सगळं परत हातानं. त्याचा बारकोड प्रिंट करून बिलासोबत लावायचा. यात नगाचा एक आकडा चुकला तर गाडी कस्टमरच्या गेटवर उभी राहते, ड्रायव्हर फोन करतो, इकडं दुरुस्ती होईपर्यंत आत घेत नाहीत. तिथला पोरगा सरळ सांगतो, "सर, एकच बिल मी दोनदा मारायलो, अन् चूक झाली की गाडी माझ्या नावानं उभी राहती."

या एका वाक्यात दोन-तीन थिसिस आहेत बरं का.

बघताना वहीत कॉलम आखा: काय लिहिलं, कशात लिहिलं, कुणी लिहिलं, कुठून बघून लिहिलं, किती वेळ लागला, चुकलं तर कुणाला कळतं आणि कधी. शेवटचा कॉलम सगळ्यात मोलाचा, कारण चूक जितकी उशिरा कळते तितकी ती महाग पडते. मालकाला विचारलं तर तो सांगेल "आमच्याकडं सगळं सिस्टिमवर आहे," आणि तो खोटं बोलत नसतो, त्याच्या टेबलावरून तसंच दिसतं. म्हणून मालकाशी बोला जरूर पण दिवस घालवा तो स्टोअर, डिस्पॅच, गेट आणि क्वालिटीच्या माणसांबरोबर.

आणि वेळ बघून जा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मार्च एंडला, किंवा संध्याकाळी गाड्या भरत असताना प्रश्न विचारू नका, तेव्हा फक्त बाजूला उभं राहून बघा. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी.

पायरी ३: जे दिसलं त्याला संशोधनाच्या भाषेत कुठं बसवायचं

आता ती विषयांची यादी उपयोगाला येते, पण वही भरल्यावर. मला जे विषय आपल्या भागात खरंच जमण्यासारखे वाटतात ते सांगतो.

*मास्टर डेटा आणि इंटिग्रेशन.* मास्टर डेटा म्हणजे पार्ट, कस्टमर वगैरेंची मूळ यादी, आणि इंटिग्रेशन म्हणजे सिस्टिम एकमेकींना जोडणं. वर सांगितलेलं पार्ट नंबरचं प्रकरण याच्यात येतं. एकाच वस्तूला तीन सिस्टिममध्ये तीन नावं, तर ती आपोआप जुळवायची कशी, जुळवलेलं बरोबर आहे हे कोण ठरवणार, कस्टमरनं ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं की जुनं जुळवलेलं कसं तपासायचं. ऐकायला साधं वाटतं पण एका व्हेंडरला चार कस्टमर असले की चार पोर्टल, चार पद्धती, चार पासवर्ड. जॉबवर्कमध्ये तर अजून गुंता, कारण जीएसटी कायद्याप्रमाणं जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल साधारण एका वर्षात परत यायला पाहिजे, आणि कोणत्या चलानचा माल कोणत्या चलानवर परत आला हे जुळवायचं काम अजूनही बऱ्याच ठिकाणी पेन्सिलनं टिक मारून चालतं. माझ्या मते मराठवाड्यात बसून करायला हा सगळ्यात भक्कम विषय आहे.

*कायदा आणि सॉफ्टवेअर.* जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. ई-इनव्हॉइस टप्प्याटप्प्यानं आलं: १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटीच्या वरच्यांना, जानेवारी २०२१ ला १०० कोटी, एप्रिल २०२१ ला ५० कोटी, एप्रिल २०२२ ला २० कोटी, ऑक्टोबर २०२२ ला १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. संशोधकासाठी हे टप्पे म्हणजे सरकारनं स्वतःच लावून दिलेला प्रयोग आहे. ५ कोटीच्या जरा वर असलेले आणि जरा खाली असलेले उद्योग घ्या, दोघांचा धंदा जवळपास सारखा, फरक फक्त ई-इनव्हॉइसचा, आता बघा बिलातल्या चुका, पेमेंटचे दिवस, अकाउंटंटचा वेळ यात काय फरक पडला. फक्त एक काळजी घ्या, ही मर्यादा चालू वर्षाच्या उलाढालीवर ठरत नाही, २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात ती ओलांडलेली असली तरी लागू होते आणि ती पॅनवर मोजतात, म्हणून एका मालकाच्या एकाच पॅनखालचे दोन युनिट वेगळे धरू नका.

याच भागात अजून एक छान जागा आहे. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल पाहिजे, म्हणजे कोणी कधी कोणती एंट्री बदलली त्याची नोंद राहणार. त्यानंतर अकाउंटंटच्या सवयी बदलल्या का? मागच्या तारखेची एंट्री मारायचं प्रमाण कमी झालं की ती आता सॉफ्टवेअरच्या बाहेर एक्सेलवर आधी तयार होऊन मग आत जाते? आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ही आयकरातली तरतूद २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून लागू झाली. कायदा माल स्वीकारल्याच्या दिवसापासून दिवस मोजतो. पण कस्टमरच्या सिस्टिममध्ये घड्याळ कधी सुरू होतं, माल गेटवर आला तेव्हा, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाली तेव्हा, की क्वालिटीनं पास केलं तेव्हा? या तीन तारखांमधलं अंतर मोजलं तरी तो पैशाशी थेट जोडलेला अभ्यास होतो आणि व्हेंडर लोक स्वतःहून माहिती देतील कारण दुखणं त्यांचंच आहे.

*प्रोसेस मायनिंग.* ज्यांना कोडिंग आवडतं त्यांनी इकडं यावं. नेदरलँड्समध्ये विल व्हॅन डर आल्स्ट यांनी हे क्षेत्र उभं केलं. कल्पना अशी की सिस्टिममध्ये पडलेल्या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेनं गेलं त्याचा नकाशा काढायचा. तीनच कॉलम लागतात: केस नंबर, कोणतं काम झालं, आणि वेळ. पीएम४पाय नावाची पायथन लायब्ररी फुकट आहे. सरावासाठी बीपीआय चॅलेंज या प्रोसेस मायनिंग स्पर्धेचा २०१९ चा डेटा घ्या, नेदरलँड्सच्या एका पेंट-कोटिंग बनवणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या खरेदीचा खरा डेटा आहे, अडीच लाखांवर पीओ आयटम आणि सुमारे १६ लाख नोंदी, सगळ्यांना खुला.

पण आपल्याकडच्या डेटावर हे करताना एक खड्डा आहे आणि त्याच खड्ड्यात विषय आहे. सिस्टिममधली वेळ ही एंट्रीची वेळ असते, कामाची नसते. गाडी सकाळी अकराला आली, माल दुपारी उतरला, आणि स्टोअरवाल्यानं दिवसभराच्या सगळ्या जीआरएन संध्याकाळी सातला एका बैठकीत मारल्या. आता तुमचा नकाशा सांगणार की या कंपनीत सगळा माल संध्याकाळी सातला येतो. म्हणून गेटवरचं इनवर्ड रजिस्टर घ्या, त्यातली वेळ आणि सिस्टिममधली वेळ शेजारी ठेवा, आणि दोन्हीतलं अंतर मोजा. हे अंतर कोणत्या दिवशी वाढतं, कोणत्या व्हेंडरच्या मालाला वाढतं, माणूस बदलला की बदलतं का? मोठ्या कंपन्यांच्या डेटावर काम करणाऱ्याला गेटचं रजिस्टर बघायला मिळत नाही, तुम्हाला मिळतंय.

*शेती आणि साखर.* आयटीवाले इकडं वळत नाहीत, हे मला फार खटकतं, कारण मराठवाड्याचा मोठा व्यवहार इथंच आहे. साखर कारखान्याचं बघा: ऊस नोंद, लागणीची तारीख, तोडणीचा कार्यक्रम, टोळी, वाहन, काटा, गव्हाण म्हणजे ऊस गाळपाला टाकायची जागा, आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि त्यापुढं १५ टक्क्यांनी व्याज. म्हणजे काट्याच्या स्लिपपासून बँकेपर्यंत प्रत्येक पायरीला तारीख आहे. इथला सगळ्यात चांगला प्रश्न मला हा वाटतो: सॉफ्टवेअरनं काढलेला तोडणीचा क्रम आणि प्रत्यक्षात झालेली तोडणी यात किती फरक पडतो आणि कुठं पडतो? कधी रस्ता ओला, कधी टोळी पळून गेलेली, कधी मुकादमाचा हिशोब, कारणं बरीच असतात आणि त्यातली कोणती सॉफ्टवेअरमध्ये आणता येतील हाच डिझाइनचा प्रश्न. हा विषय गावात नाजूक आहे, कोणाचा ऊस आधी गेला यावरून भांडणं होतात, म्हणून शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर घेऊच नका, फक्त तारखा आणि गटाचा सांकेतिक क्रमांक घ्या, आणि आधी शेती अधिकाऱ्यांना विश्वासात घ्या.

लातूरला तूर-सोयाबीनचा सौदा, हिशोबपट्टी, हमाली-तोलाईची वजावट, आणि १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ई-नामसारख्या व्यवस्था, इथं कागद आणि स्क्रीन दोन्ही शेजारी-शेजारी चालतात. दोन्ही का चालतात हे नीट कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

*लाइट, नेटवर्क आणि भाषा.* लाइट गेली किंवा नेट गेलं की क्लाउडवालं सॉफ्टवेअर बंद पडतं, आणि काटा तर थांबत नाही. ऑफलाइन एंट्री घेऊन नंतर जोडताना दोघांनी एकच नोंद बदललेली असेल तर कोणाची खरी धरायची, हा कॉम्प्युटर सायन्समधला जुना आणि अजूनही जिवंत प्रश्न आहे. भाषेचं म्हणाल तर शॉपफ्लोअरवर माणूस मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलतो, "लाइन दोनवर चाळीस नग रिजेक्ट झाले, बर राहिलाय" (बर म्हणजे पार्टच्या कडेला राहिलेली धातूची धार). हे बोलणं ऐकून रिजेक्शनची नोंद बरोबर करणारं काहीतरी बनवा. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पामुळं मराठीसाठी वापरता येतील अशी साधनं आता आहेत. पण तपासताना एकूण किती शब्द बरोबर आले एवढं मोजून भागत नाही. नावात एक अक्षर चुकलं तर माणूस समजून घेतो, चाळीसचं चौदा झालं तर साठा चुकतो. म्हणून प्रत्येक रकान्याची चूक वेगळी मोजा. एआयवर काम करायचं असेल तर असं करा, नुसतं "एआयचा परिणाम" या नावाखाली काही करू नका.

ईआरपी अपयश, क्लाउडवर जाणं, सायबर सुरक्षा, डेटा संरक्षण कायदा २०२३, हे विषय वाईट नाहीत. सॅपच्या ईसीसी या जुन्या ईआरपीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय म्हणून जगभर नव्या एस/४ हानावर जायची धावपळ चालू आहे, १९९९ ला हर्शी या अमेरिकी कंपनीचं हॅलोविन सणाच्या तोंडावर नवीन सिस्टिममुळं चॉकलेट पोचलं नाही ते उदाहरण तर प्रत्येक पुस्तकात असतं. पण मोठ्या कंपनीच्या आत तुमची ओळख असेल, मायग्रेशनच्या मीटिंगला बसू देणार असतील तरच घ्या. नाहीतर नेटवरचंच परत लिहाल.

पायरी ४: आधी कोणी केलंय का ते बघा

शोधगंगावर जा, इन्फ्लिबनेट चालवतं, देशातले थिसिस तिथं फुकट आहेत. तुमचा विषय टाका आणि मागच्या दहा वर्षांतले थिसिस उघडून फक्त तीन गोष्टी वाचा: प्रश्न काय होता, डेटा कुठून आणला, शेवटी सापडलं काय. "ईआरपी स्वीकार, लघुउद्योग, अमुक जिल्हा" या साच्याचे इतके दिसतील की तो साचा आपोआप डोक्यातून जाईल.

पेपरसाठी गूगल स्कॉलर आहेच. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नल खुली झालीत, तुमचं विद्यापीठ किंवा कॉलेज त्यात आहे का ते ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं आणि ती पेपरसाठी इकडंतिकडं हात पसरत बसतात. या क्षेत्रातलं जुनं आणि वजनदार जर्नल म्हणजे एमआयएस क्वार्टर्ली, १९७७ पासून चालू आहे. यूजीसीनं २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली, त्यामुळं जर्नल खरं की पैसे घेऊन छापणारं हे आता तुम्हालाच तपासावं लागतं. आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, तुमच्या मेहनतीच्या कामाची तिथं माती होते.

पायरी ५: थिअरी जबरदस्तीनं चिकटवू नका

आपल्याकडं सगळ्यात जास्त वापरलं जातं ते टॅम, फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं मॉडेल. माणसाला सॉफ्टवेअर उपयोगी वाटलं आणि सोपं वाटलं तर तो वापरतो, एवढा त्याचा गाभा. मॉडेल चांगलंच आहे, पण विचार करा, आपल्या डिस्पॅचवाल्या दादाला पोर्टल वापरायचं की नाही हा पर्याय आहे का? एएसएन नाही टाकला तर गाडी आत घेत नाहीत. तिथं "तुमचा वापरण्याचा इरादा किती" हा प्रश्न विचारून काय मिळणार. सक्तीचं सॉफ्टवेअर असेल तर डीलोन-मॅक्लीन यांचं १९९२ चं आणि २००३ ला सुधारलेलं मॉडेल बघा, त्यात सिस्टिमची गुणवत्ता, माहितीची गुणवत्ता आणि प्रत्यक्ष फायदा यावर भर आहे. मालक सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे ठरवतोय असा विषय असेल तर टॉर्नाट्झ्की-फ्लायशर यांची १९९० ची टीओई चौकट जुळते, तंत्रज्ञान, संस्था आणि बाहेरची परिस्थिती. वाळूजमध्ये तिसरी गोष्ट, म्हणजे कस्टमरचा दबाव, किती भारी असते ते वही उघडली की दिसेलच.

पायरी ६: पद्धत निवडा

सर्व्हे करायचाच असेल तर ३८४ चा आकडा डोळे झाकून लिहू नका. तो क्रेज्सी-मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो आणि रँडम सॅम्पलसाठी आहे. ओळखीच्या ग्रुपवर फॉर्म टाकून ३८४ उत्तरं गोळा केली तर ते रँडम होत नाही. शिवाय लघुउद्योग म्हणजे कोण ते स्पष्ट लिहा, कारण १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली आहे: सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत, लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटीपर्यंत. जुन्या पेपरशी तुलना करताना हा फरक सांभाळा नाहीतर परीक्षक तिथंच पकडतील.

मला स्वतःला आपल्या पोरांसाठी डिझाइन सायन्स ही पद्धत जास्त पटते. हेवनर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा पेपर वाचा. यात तुम्ही एक छोटं काहीतरी बनवता, ते खऱ्या जागेवर चालवता आणि मोजता. इंजिनिअरिंग-एमसीएच्या पोरांना हे जमतंच. बनवायला ईआरपीनेक्स्ट घ्या, मुंबईच्या फ्रॅपेचं ओपन सोर्स आहे, किंवा बेल्जियमच्या ओडूचं कम्युनिटी एडिशन. सगळा ईआरपी बनवायला जाऊ नका. पार्ट नंबर जुळवून टॅलीच्या इनव्हॉइसवरून एएसएनची फाइल तयार करणारा एवढाच तुकडा बनवा.

मोजताना आधीची स्थिती मोजल्याशिवाय नवीन काही लावू नका. एका बिलाला किती मिनिटं लागतात, शंभर बिलांत किती चुका, गाडी गेटवर किती वेळ उभी. मग तुमचं लावा, लगेच मोजू नका, माणसाचा हात बसू द्या, मग परत तेच मोजा. आणि तुलना फक्त जुन्या पद्धतीशी करू नका, एका साध्या एक्सेल तक्त्याशीपण करा ज्यात दोन्ही पार्ट नंबर शेजारी लिहिलेत. एक्सेलनंच नव्वद टक्के काम होत असेल तर तसं प्रामाणिकपणे लिहा, तो निष्कर्षसुद्धा मोलाचा आहे आणि त्या मालकाचे पैसे वाचवणारा आहे.

पायरी ७: परवानगी आणि डेटा

ओळखीशिवाय गेट उघडत नाही हे खरं, पण रस्ते आहेत. मसिआ आणि सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, सीएमआयएचं मॅजिक हे इनक्युबेशन सेंटर आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन जा, आणि सोबत एका पानावर मराठीत लिहा: काय बघणार, काय बघणार नाही, आणि तुम्हाला यातून काय मिळेल. मालकाला भीती एकाच गोष्टीची असते, रेट बाहेर जाईल. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा की दर, कस्टमरचं नाव आणि ड्रॉइंग यातलं काही घेणार नाही. डेटा त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून साफ करा, पार्ट नंबरला पी१, पी२ असे सांकेतिक नंबर द्या, दराचा कॉलम उडवा, आणि मगच पेन ड्राइव्हमध्ये घ्या. कामगारांच्या चुका मोजताय तर कोणत्या माणसाची कोणती चूक हे मालकाला कळेल असा तक्ता कधीच देऊ नका, एखाद्याची नोकरी जाईल.

पायरी ८: प्रश्न एका वाक्यात लिहा

आधी: "मराठवाड्यातील लघुउद्योगांमध्ये ईआरपीचा वापर: एक अभ्यास."

नंतर: "एकापेक्षा जास्त कस्टमरना माल पुरवणाऱ्या वाळूजच्या ऑटो पार्ट व्हेंडरकडं, इनव्हॉइस आणि एएसएनमधल्या विसंगतीचं किती प्रमाण पार्ट नंबर न जुळल्यामुळं असतं, आणि सामायिक पार्ट मास्टर वापरल्यावर ते किती कमी होतं?"

दुसऱ्यात कोण, कुठं, काय मोजायचं आणि काय बदलायचं सगळं आलं. शीर्षक लांब झालं म्हणून कुरकुर होईल, होऊ द्या, शीर्षक नंतर कापता येतं. तुमचा प्रश्न डिस्पॅचवाल्या दादाला वाचून दाखवा, त्याला पहिल्या दमात कळला पाहिजे. तो "हे तर मी रोज भोगायलो" म्हणाला तर विषय पक्का समजा, आणि "हे काय असतंय" म्हणाला तर अजून पायरी दोनवरच थांबा.

पायरी ९: वेळापत्रक विद्यापीठाच्या नाही, धंद्याच्या कॅलेंडरनं लावा

मार्च-एप्रिलमध्ये कोणत्याही अकाउंट विभागाकडं काही मागू नका, क्लोजिंग आणि ऑडिटची घाई असते. ऑटोच्या व्हेंडरकडं दसरा-दिवाळीच्या आधी डिस्पॅच जोरात असतो, चुका आणि गर्दी बघायची असेल तर तेव्हा, सावकाश मुलाखती घ्यायच्या असतील तर दिवाळीनंतर. सोयाबीनची आवक दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत भरात असते आणि नवी तूर साधारण जानेवारीपासून यायला लागते, आडतीवरचं निरीक्षण तेव्हाच ठेवा. साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि एकदा धुराडं पेटलं की शेती विभागातल्या कोणालाच बोलायला सवड नसते, त्यामुळं साखरेवर काम करणाऱ्यांनी परवानगीचं पत्र गणपतीच्या आधी देऊन ठेवा, मागच्या हंगामाचा डेटा पोळ्याच्या सुमारास शांतपणे साफ करून घ्या, आणि काट्यावर उभं राहायचे दिवस हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात ठेवा, तोपर्यंत नवीन टोळ्या आणि वाहनं मार्गी लागलेली असतात.